अडलेल्या पाठापासून सुरुवात: प्राथमिक शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतली अनुदानित, मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा. पहिली ते पाचवी, दोन सत्रांत भरणारी. शाळेकडे ५५ इंची दोन टीव्ही, एक प्रोजेक्टर, दहा टॅब आणि एक जुना लॅपटॉप आहे. विचारणाऱ्या बाई शाळेच्या तंत्रस्नेही शिक्षिका आहेत आणि अकरा सहकाऱ्यांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत करण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, सगळ्यांनी ॲप उतरवून घेतली, आणि महिन्याभरात टॅब पुन्हा कपाटात गेले. आता पुढे काय करावं?

दुसरं प्रशिक्षण मात्र ठेवू नका. पहिल्यात शिकवणाऱ्याची चूक होती असं नाही. सभागृहात बसून ॲपची बटणं शिकणं वेगळं आणि चाळीस मुलांसमोर, चाळीस मिनिटांच्या तासिकेत, पंख्याच्या आवाजात ते ॲप चालवणं वेगळं. मदत हवी असते ती या दुसऱ्या ठिकाणी. म्हणून साधन बाजूला ठेवा आणि शिक्षकाचा अडलेला पाठ हातात घ्या.

सुरुवातीला प्रत्येक सहकाऱ्याच्या वर्गात एक तासिका मागच्या बाकावर बसा. निरीक्षण नोंदवही नेऊ नका. ती दिसली की तपासणी चालू आहे असंच वाटतं. तासिकेनंतर तीनच प्रश्न विचारा. दरवर्षी मुलांच्या डोक्यात न शिरणारा घटक कोणता? रोज कोणत्या कामात वेळ फुकट जातो? वर्गातल्या कोणत्या मुलांना किती कळलं, हे तुम्हाला चाचणी होईपर्यंत समजतच नाही, असं कुठे होतं? उत्तरं शिक्षकाच्या शब्दांत लिहून घ्या. "नकाशा कळत नाही", "हातच्याची वजाबाकी", "जोडाक्षरं आली की वाचन अडतं", "वह्या तपासण्यात मधली सुट्टी जाते" अशी ती उत्तरं असतील. अकरा जणांची उत्तरं एका कागदावर मांडली की त्यातली बहुतेक तीन प्रकारांत बसतात: मुलांना काही नीट दाखवायचं आहे, मुलांकडून सराव करून घ्यायचा आहे, किंवा कोणाला काय कळलं ते ताबडतोब जाणून घ्यायचं आहे. साधन निवडायचं ते यानंतर.

हा क्रम महत्त्वाचा का, याला चांगला पुरावा आहे. पेरू या देशाच्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे दर मुलामागे ०.१२ संगणक होते ते १.१८ झाले, म्हणजे प्रत्येक मुलाला एक मिळून वर उरले. तरी गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. उलट बडोद्यात 'प्रथम' संस्थेने महापालिका शाळांतल्या चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. मुलाला जमेल तसा खेळ अवघड होत जाई. बॅनर्जी, कोल, डफ्लो आणि लिंडन यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मुलांचे गणिताचे गुण स्पष्ट वाढलेले दिसले. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली, हेही त्याच अभ्यासात आहे. तुमच्याकडे दहा टॅब आहेत म्हणून हळहळू नका. एका टॅबवर दोन मुलं, ठरलेला घटक, ठरलेला वेळ आणि वर्षभर सातत्य असेल तर दहा पुरतात.

'दाखवणं' या प्रकारातलं सगळ्यात उपयोगी काम फोनच्या कॅमेऱ्याने होतं: मुलाची वही मोठ्या पडद्यावर आणणं. दोन मुलांनी ५२ वजा २७ वेगवेगळ्या पद्धतीने केलं आहे, दोन्ही वह्या शेजारी ठेवून "दोघांचं कुठे वेगळं झालं?" एवढंच विचारलं की वर्ग स्वतः बोलू लागतो. यासाठी बाकाला अडकवायचा लवचीक मानेचा फोन स्टँड घ्या, फोन वहीपासून ३० ते ४० सेंटीमीटर वर ठेवा आणि टीव्हीशी जोडा. इथे तीन ठिकाणी माणसं अडकतात. यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर पुष्कळ स्वस्त फोनवर चालतच नाही, कारण त्या फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर जात नाही. दुकानदाराच्या शब्दावर न जाता स्वतःच्या फोनवर लावून पाहूनच घ्या. बिनतारी स्क्रीन मिररिंग चालतं, पण शेजारच्या वर्गातला टीव्हीही यादीत दिसतो, म्हणून दोन्ही टीव्हींना वेगळी नावं द्या: 'तिसरी अ', 'चौथी ब'. तिसरी गोष्ट, फोन जोडण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर घरचा व्हॉट्सॲप निरोप सगळ्या वर्गासमोर उघडतो. अशा एका प्रसंगानंतर शिक्षक पुन्हा फोन जोडत नाही. रोजचा वापर होणार असेल तर जुन्या लॅपटॉपला यूएसबी वेबकॅम लावून तो स्टँडवर उलटा टांगणं अधिक खात्रीचं. कॅमेरा सारखा फोकस शोधत असेल तर ऑटोफोकस बंद करा, आणि हाताची सावली वहीवर पडू नये म्हणून बाक खिडकीला काटकोनात ठेवा.

नकाशाचं उदाहरण घेऊ. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वरून पाहिलेली जागा ओळखणं अवघड जातं. रोजची वाट त्याने समोरून पाहिलेली असते. आधी मुलांना शाळेपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता कागदावर काढू द्या. मग उपग्रह चित्रं पाच टप्प्यांत दाखवा: शाळेची गच्ची, आजूबाजूच्या चार गल्ल्या, स्टेशन दिसेल इतका भाग, मग मुंबईचं निमुळतं दक्षिण टोक, आणि शेवटी ठाण्याच्या खाडीपासून कुलाब्यापर्यंत अख्खी मुंबई. ही पाच चित्रं आदल्या दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवा. गुगल मॅप्समध्ये उपग्रह चित्रं ऑफलाइन साठवून ठेवता येत नाहीत आणि ऐन तासिकेत नेट अडकलं की पडद्यावर राखाडी चौकोन दिसतात. पाचही चित्रांत उत्तर दिशा वरच ठेवा. एक जरी फिरलं तरी मुलांचा सगळा अंदाज चुकतो. मग रेल्वेचे रूळ, मिठी नदी, विहार आणि पवई तलाव मुलांना शोधू द्या आणि शेवटी स्वतःच्या कागदावरचा रस्ता दुरुस्त करायला सांगा. पडद्यापुढे जाणारा वेळ बारा मिनिटांचा आहे, बाकीचं काम हातांचं आहे. प्राथमिक वर्गासाठी हे प्रमाण योग्य आहे असं माझं मत आहे.

आता 'कळलं का ते जाणून घेणं'. यासाठी मुलांच्या हातात एकही उपकरण लागत नाही. प्लिकर्स नावाच्या ॲपची छापील कार्डं असतात. प्रत्येक कार्डावर काळी-पांढरी नक्षी, आणि ते कोणत्या बाजूने वर धरलं यावरून चार पर्यायांतला एक निवडला जातो. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. साधा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. प्रत्येक मुलाची नक्षी वेगळी असल्याने शेजाऱ्याचं पाहून उत्तर देणं कठीण. लाजाळू मूलही उत्तर देतं, कारण हात वर करून बोलावं लागत नाही.

ही कार्डं चालली नाहीत अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुधा यांपैकी एखादं असतं. चकचकीत लॅमिनेशन केलेलं असतं. ट्यूबलाइटचा प्रकाश त्यावरून परततो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. कार्ड साध्या कागदावर छापून मागे पुठ्ठा चिकटवा किंवा मॅट लॅमिनेशन करा. मुलांची बोटं नक्षीवर येतात. कार्ड खालच्या दोन कोपऱ्यांवरच धरायचं, हे पहिल्या दिवशी पाच मिनिटं खेळ म्हणून शिकवा. मागचे बाक दूर असतील तर एका ए-४ कागदावर एकच मोठं कार्ड छापा. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्ड काळं दिसतं. तेवढ्यापुरता पडदा ओढा. पर्यायांची अक्षरं कार्डावर इंग्रजीत आणि फार बारीक असतात, म्हणून नक्षीबाहेरच्या पांढऱ्या कडेवर मार्करने अ, ब, क, ड लिहा. फोनला इंटरनेट लागतं, पण डेटा नगण्य खर्च होतो.

कार्डांपेक्षा प्रश्न महत्त्वाचा. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या चुकांमधून यायला हवेत. ५२ वजा २७ ला पर्याय द्या: २५, ३५, ७९, २४. ज्याने ३५ निवडलं तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतो आहे. ७९ वाल्याने बेरीज केली. २४ वाल्याची पद्धत बरोबर, मोजण्यात एकाने घसरला. दुसरीत "त्रेपन्न" म्हणा आणि ३५, ५३, ५०३, ५० असे पर्याय दाखवा. ३५ म्हणणारं मूल ऐकू आलेल्या क्रमाने लिहितं आहे, आधी तीन मग पन्नास. ५०३ म्हणणारं मूल पन्नास आणि तीन शेजारी मांडतं आहे, म्हणजे स्थानिक किंमत अजून बसलेली नाही. या दोघांना वेगवेगळं शिकवावं लागतं, आणि वर्गात कोण कोणता आहे हे अर्ध्या मिनिटात कळतं. फळ्यासमोर उभं राहून हे कळायला दुसरा मार्ग जवळजवळ नाही.

उत्तरं आली की पुढे काय करायचं हेही आधीच ठरवा. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर यांनी १९९० च्या दशकात पदार्थविज्ञानाच्या वर्गांसाठी रूढ केलेली रीत इथेही लागू पडते: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर उत्तर न सांगता मुलांना शेजाऱ्याशी बोलू द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. त्याहून कमी असतील तर घटक नव्याने, मण्यांनी किंवा काड्यांच्या जुड्यांनी शिकवा. त्याहून जास्त असतील तर पुढे जा आणि चुकलेल्या चार-सहा मुलांना नंतर वेगळं बसवा. एका तासिकेत तीनच प्रश्न घ्या, त्यापुढे मुलांना कार्ड फिरवण्यातच मजा वाटू लागते.

वाचनासाठी फोनमधला साधा आवाज नोंदवणारा रेकॉर्डर पुरतो. जुलै, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत प्रत्येक मुलाचं एका मिनिटाचं वाचन नोंदवा. उतारा तीनही वेळा त्याच पातळीचा, पण नवा. फाइलचं नाव हजेरी क्रमांक आणि महिना, एवढंच. रोज चार मुलं घेतली तर चाळीस मुलं दहा दिवसांत होतात. ऐकताना दोन गोष्टी लिहा: मिनिटात बरोबर वाचलेले शब्द, आणि अडलेली जोडाक्षरं. पालकसभेत जुलै आणि फेब्रुवारीचं वाचन शेजारी ऐकवलं तर गुणपत्रिकेपेक्षा पालकांना जास्त कळतं. वाचन ऐकून चूक दाखवणारी ॲपही आहेत, गुगलचं रीड अलाँग त्यातलं मराठी असलेलं. पण एका खोलीत दहा मुलं एकदम मोठ्याने वाचू लागली की ॲपला कोणाचा आवाज कोणाचा ते समजत नाही. चार-पाच मुलं, माइक असलेले इअरफोन आणि व्हरांड्याचा कोपरा, एवढंच त्याला झेपतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ घ्या. मराठी पुस्तकं पातळीनुसार लावलेली आहेत, मुक्त परवान्यामुळे पीडीएफ उतरवून टीव्हीवर दाखवायला किंवा छापायला अडचण नाही.

आता 'सराव'. दहा टॅब आणि चाळीस मुलं यांचं गणित असं मांडा. वीस मुलं जोडीने टॅबवर, वीस मुलं त्याच घटकाच्या लेखी सरावावर, मग अदलाबदल. चाळीस मिनिटांत पाच सूचनांना, चौदा पहिल्या गटाला, दोन अदलाबदलीला, चौदा दुसऱ्याला, पाच आवरायला. पहिल्या दोन-तीन वेळा नुसत्या वाटपातच दहा मिनिटं जातील. ते गृहीत धरा आणि शिक्षकालाही आधीच सांगा, म्हणजे तो खचणार नाही. प्रत्येक टॅबवर मोठा क्रमांक चिकटवा, तोच क्रमांक बाकावर, आणि वाटपाचं काम ठरलेल्या दोन मुलांकडे. जोडीत बोट कोणाचं हे चौदा मिनिटांच्या मध्यावर घंटी वाजवून बदला, नाहीतर एक मूल खेळतं आणि दुसरं पाहत बसतं. अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' असतं. ते चालू करून बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही निवडला की मूल एका ॲपमधून बाहेर जाऊ शकत नाही. टॅब विमान मोडवर ठेवा आणि आपोआप अपडेट बंद करा, कारण दहा टॅब एकदम अपडेट व्हायला लागले की तासिका संपली. पीएचईटी हा कोलोरॅडो विद्यापीठाचा विज्ञान-गणित प्रयोगांचा संच इथे फार कामाचा आहे. त्यातला प्रयोग एकाच फाइलच्या रूपात उतरवता येतो आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतो. बऱ्याच प्रयोगांचं मराठी भाषांतर आहे, सगळ्यांचं नाही. चौथी-पाचवीच्या अपूर्णांकांसाठी त्यातला 'अपूर्णांकांची ओळख' हा प्रयोग घ्या, पण त्याआधी एकदा तरी कागदाच्या घड्या घालून झालेल्या असू द्या.

व्हिडिओबद्दल माझं मत कडक आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी ॲपवरचं साहित्य उघडतात, आणि त्यात चांगल्या गोष्टी आहेत. अडचण वापरण्याच्या पद्धतीत आहे. वर्गात कोड स्कॅन केला की साहित्याची यादी उघडते, शिक्षक त्यात शोधत राहतो, मुलं गोंधळ करतात. मग व्हिडिओ लागतो आणि आठ मिनिटं कोणी काही विचारत नाही. आदल्या दिवशी साहित्य ॲपमध्येच उतरवून घ्या, संपूर्ण पाहा, त्यातली हवी ती दोन-तीन मिनिटं निवडा आणि पाठाच्या टाचणात लिहा: कुठे थांबवायचं आणि तिथे कोणता प्रश्न. व्हिडिओसाठी थांबायच्या जागा ठरलेल्या नसतील तर तो दाखवू नका. स्वतः जमवलेले व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि जुने टीव्ही एच-२६५ प्रकारचा व्हिडिओ उघडत नाहीत, एच-२६४ उघडतात.

आता सहकाऱ्यांना सोबत कसं घ्यायचं. अकरा जणांना एकदम घेऊ नका, तीन निवडा. तिघांत एक अशी ज्येष्ठ शिक्षिका असू द्या जिच्या शिकवण्याला शाळा मान देते, मग तिला फोन नीट वापरता येत नसला तरी चालेल. तरुण, हौशी शिक्षकाने काही केलं की बाकीचे "त्याला जमतं" म्हणून सोडून देतात; ज्येष्ठ बाईंनी केलं की "मलाही जमेल" असं वाटतं. या तिघांबरोबर सहा आठवड्यांची एक फेरी करा, एक घटक आणि एक साधन. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं बसून पाठ आखा. दुसऱ्यात त्यांच्या वर्गात तुम्ही तो पाठ घ्या आणि त्या फक्त आपली मुलं पाहतील. कोणतं मूल कुठे गुंतलं, कुठे सुटलं हे त्या तुम्हाला सांगतील. तिसऱ्यात दोघी मिळून. चौथ्यात त्या शिकवतील, तुम्ही केवळ तारा आणि बटणं सांभाळाल. पाचव्यात त्या एकट्या, तुम्ही शाळेत हाकेच्या अंतरावर. सहाव्या आठवड्यात त्यांनी आणखी एका सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलवायचं. चौथ्या आठवड्याची पायरी गाळली जाते आणि तिथेच फेरी मोडते, कारण एकटं पडल्यावर पहिल्याच बिघाडाला शिक्षक खडूकडे परततो.

प्रत्येक टाचणात एक ओळ सक्तीची ठेवा: 'बंद पडलं तर'. तीन मिनिटांत उपकरण चालू झालं नाही तर ते सोडायचं आणि त्या ओळीत लिहिलेलं करायचं. ही ओळ असेल तर मुलांसमोर फजिती होण्याची भीती उरत नाही.

दुसरी भीती उपकरण मोडण्याची. "टॅब फुटला तर पगारातून कापतील का?" हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण बरेच टॅब त्यामुळेच कुलूपबंद राहतात. मुख्याध्यापकांकडून लेखी सूचना घ्या की वर्गातल्या नेहमीच्या वापरात झालेलं नुकसान शिक्षकाकडून वसूल होणार नाही. तोंडी आश्वासन पुरत नाही. तिसरी अडचण कामाच्या ओझ्याची आहे, आणि ती खरी आहे. यू-डायस आणि सरल या शाळेची माहिती भरायच्या सरकारी प्रणाली, वेगवेगळ्या लिंक, निवडणुकीचं काम यांमुळे शिक्षकाच्या मनात तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरणं असंच बसलं आहे. त्यामुळे ज्या बाई अजिबात तयार नाहीत त्यांच्याकडे पाठ घेऊन जाऊ नका. आकारिक मूल्यमापनाची बेरीज आपोआप करणारी एक्सेल शीट करून द्या, किंवा फोनवर मराठीत बोलून टाइप कसं करायचं ते दाखवा. रोजचा अर्धा तास वाचला की वर्गातल्या साधनाबद्दल त्या स्वतःहून विचारतील.

शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर लिंकचा मारा करू नका. आठवड्याला एक निरोप, त्यात इयत्ता, घटक, फाइल आणि ती कशी वापरायची याच्या तीन ओळी.

खोली आणि सामान यांकडे कमी लक्ष दिलं जातं, आणि निम्मे बेत तिथेच फसतात. मजकूर वाचायचा असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटीमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. वर्ग सहा-सात मीटर लांब असेल तर मागच्या दोन-तीन रांगांना नेहमीचा मजकूर दिसणार नाही. एका पडद्यावर सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका, अक्षराची उंची टीव्हीवर पट्टीने मोजून ३ सेंटीमीटर तरी भरू द्या, आणि तासिकेआधी स्वतः शेवटच्या बाकावर बसून पाहा. वेलांट्या आणि उकार तिथून ओळखू आले पाहिजेत. दुपारच्या सत्रात पश्चिमेच्या खिडकीचा उजेड टीव्हीवर येतो, तेव्हा टीव्हीची जागा दुपारी पाहूनच ठरवा. टीव्हीचा स्वतःचा आवाज पंखे आणि रस्ता यांच्यापुढे टिकत नाही. तारेने जोडायचा २० वॅटचा स्पीकर घ्या. ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या वर्गातल्या फोनशी जोडला जातो. हे सामान, म्हणजे ५ मीटरच्या दोन एचडीएमआय केबल, स्पीकर, वेबकॅम, चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणि एकाच डब्यात पाच-सहा पोर्ट असलेले दोन चार्जर, लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं.

मराठी अक्षरांचीही काळजी घ्या. जुन्या प्रश्नपत्रिका श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर दुसऱ्या संगणकावर त्यांचा अर्थहीन गुंता दिसतो. नवीन सगळं युनिकोडमध्ये करा आणि टीव्हीवर नेताना पीडीएफ करा. पहिली-दुसरीसाठी आणखी एक पथ्य आहे: विंडोजमधला मंगल हा फाँट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतो. पुस्तकात आणि फळ्यावर एक वळण, टीव्हीवर दुसरं, यात अक्षर शिकणारं मूल गोंधळतं. मराठी वळणाचा फाँट वापरा. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू पाहा.

दोन सत्रांच्या शाळेत देवाणघेवाणीची वही लागतेच. टॅबची संख्या, केबल, रिमोट आणि चार्जिंग किती उरलं, यांवर सकाळच्या आणि दुपारच्या जबाबदार शिक्षकांची सही. सकाळच्या सत्राने टॅब रिकामे करून दिले की दुपारच्या शिक्षकांचा विश्वास पहिल्याच आठवड्यात जातो, म्हणून मधल्या सुट्टीत चार्जिंग ही सकाळच्या सत्राची जबाबदारी ठरवा. पावसाळ्यात कपाट ओल्या भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि प्रोजेक्टर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, नाहीतर भिंगावर बुरशी धरते. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत टॅब निम्मे चार्ज करून बंद ठेवा. पूर्ण रिकाम्या बॅटऱ्या मरतात, पूर्ण भरलेल्या उकाड्यात फुगतात. टॅबची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जला लावू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या.

मुलांची माहिती जपा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. ॲपमध्ये मुलाच्या नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, मुलांच्या नावाने ईमेल खाती उघडू नका, वाचनाच्या नोंदी गटावर टाकू नका. एआयचा उपयोग शिक्षकाने सरावपत्रिका तयार करण्यापुरता करावा. त्यातली मराठी वाक्यरचना आणि प्रत्येक आकडेमोड स्वतः तपासल्याशिवाय छापायला देऊ नका; संख्यांची मराठी नावं हमखास चुकतात.

मुख्याध्यापक तुम्हाला "किती तासिका झाल्या?" असं विचारतील. तो आकडा द्या, पण त्याच्या शेजारी आणखी दोन ठेवा: निवडलेल्या घटकावर फेरीच्या आधी आणि नंतर तेच तीन प्रश्न किती मुलांना जमले, आणि तुमच्या मदतीशिवाय किती शिक्षकांनी साधन पुन्हा वापरलं. सहा आठवड्यांनी हा शेवटचा आकडा शून्य असेल तर नवीन साधन आणू नका. त्याच तिघांच्या वर्गात चौथ्या आठवड्याची पायरी पुन्हा घ्या, आणि तारा लावायला किती मिनिटं गेली ते घड्याळ लावून मोजा. बहुधा अडचण तिथेच सापडेल.